चौथा खांदा

बिराप्पाला बाप्तिस्मा हवा होता, आणि तोही घाईनं. सांगलीच्या हळदपेठेत पोती वाहणारा हा पन्नाशीचा धनगर गेलं वर्षभर दर रविवारी कोंडीबा पाळकांच्या मंडळीत शेवटच्या सतरंजीवर येऊन बसत होता. भजनं त्याला पाठ झाली होती, पण सूर मेंढरं हाकण्याचाच राहिला होता. पुढं बसणाऱ्या बायका पदराआड हसत आणि तो आणखी जोरात गाई. चौसष्ट सालची दिवाळी झाली, कृष्णेचं गढूळ पाणी निवळलं, तसं त्यानं एका सकाळी पाळकांचं दार गाठलं.

"पाळकबाबा, येत्या ऐतवारी मला पान्यात घालाच."

कोंडीबा पाळक साठीचे होते. पूर्वी साताऱ्याकडं शाळामास्तर होते. मास्तरकी सुटून वीस वर्षं झाली, पण प्रश्न विचारायची खोड काही सुटली नव्हती.

"एवढी घाई का रे?"

"धुऊन निगावं म्हनून. कातरायच्या आदी आमी मेंढरं धुतो, तसं. ह्याच नदीत किती धुतल्यात मी! येका हातानं हनवटी वर धरायची, नाकात पानी जाऊ द्यायचं न्हाई, आन् दुसऱ्या हातानं लोकर चोळायची. भाईर आलं की धन्यालाबी वळखू येत न्हाई."

"मेंढरू आपण होऊन पाण्यात येतं?"

"छ्या! वढावं लागतं. लय दांडगाई करतं."

"तोच तर फरक आहे. इथं माणसानं आपल्या पायांनी यायचं असतं. आणि यायच्या आधी मागं वळून बघायचं असतं, आपण कुठं वाट सोडली ते. आपण त्याला पश्चात्ताप म्हणतो. नुसतं डोळ्यांतून पाणी काढलं म्हणजे तो होत नाही."

बिराप्पानं मान हलवली. मान हलवण्यात तो पटाईत होता, पण त्याच्या मनात भलतंच घोळत होतं. जरा वेळ उंबऱ्यावर नख घासून त्यानं विचारलं, "पाळकबाबा, पान्यातनं निगालं की जुन्या द्येवाम्होरं घेतलेली आन सुटती न्हवं?"

पाळकांनी चष्मा काढून हातात घेतला. "कसली आण, बिराप्पा?"

इतकी वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट मग त्याच्या तोंडून निघाली.

बावन्न सालचा दुष्काळ. ढोलेवाडीची धनगरं मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात भटकत होती. बिराप्पा आणि सिद्धू यांचे तळ एका ओढ्याच्या काठाला लागून होते. सिद्धू त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सिद्धूची आई हरणाबाई. बिराप्पाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा नुकतंच पहिलं मूल गेलेल्या ह्याच हरणाबाईनं त्याला अंगावर पाजून जगवलं होतं. पुढं सिद्धू झाला तरी ती बिराप्पाला माझा थोरला म्हणायची.

दोघांच्या मिळून चरणाऱ्या कळपात एक मेंढी बिरोबाच्या नावानं सोडलेली होती. कानात तांबडा गोंडा. तिला कुणी विकायचं नाही, कापायचं नाही, म्हातारी होऊन मेली तर पुरायची. आणि बिराप्पाच्या तळावर चार दिवस चूल पेटलेली नव्हती. पाचव्या दिवशी पहाटे, आपली उरलेली मेंढरं पुढच्या पोटासाठी राखायची म्हणून, त्यानं ती मेंढी कापली. कातडं ओढ्याच्या वाळूत पुरलं. सिद्धूवर घालावं असं त्याच्या मनातही नव्हतं, पण कुत्र्यांनी ते उकरलं आणि नेमकं सिद्धूच्या कोकरांच्या कुडापाशी नेऊन टाकलं.

गावी परतल्यावर पंच बिरोबाच्या देवळात बसले. भंडाऱ्याचं ताट पुढं आलं. धनगराच्या लेखी भंडारा उचलला की विषय संपला. कोर्टातला कागदही त्यापुढं फिका. सिद्धूनं पहिल्यांदा मूठ भरली आणि म्हणाला, मी न्हाई. मग बिराप्पाची पाळी आली. त्यालाही एवढंच म्हणता आलं असतं. पण मग सगळ्यांचे डोळे पुन्हा फिरून आपल्यावरच येतील, या भीतीनं त्याची जीभ पुढं धावली. भंडारा उचलून तो म्हणाला, "कातडं पुरताना मी सिद्धूला बगितलं."

सिद्धू वयानं लहान, बिराप्पा चारचौघांतला. पंचांनी सिद्धूला वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, सोयरीक बंद. त्याच आठवड्यात तो आईला आणि बायकोला घेऊन गावाबाहेर पडला. हरणाबाई जाताना बिराप्पाच्या दारासमोर थांबली होती. हा आत कांबळ्याखाली पडून होता, अंगात ताप आहे असं सांगून.

त्यानंतर बिराप्पाची मेंढरं रोगानं गेली. पुढच्या वर्षी तरणा मुलगा तापानं गेला. खोटा भंडारा फिरला, असं त्यानं मनाशी धरलं आणि गाव सोडलं. आणि जिथं पोट भरायला आला, ती नेमकी सांगली! बाराही महिने हळद. पोत्यांत हळद, पेवांत हळद, रस्त्यावरच्या धुळीत हळद. दहा वर्षं त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे होते आणि रोज संध्याकाळी दगडानं घासूनही निघत नव्हते. मागच्या साली बायकोला, धोंडुबाईला, पोटात गाठ झाली. मिशनच्या दवाखान्यात ती बरी झाली. हा देव जास्त जोरकस दिसतोय, याच्या आडोशाला गेलं तर बिरोबाचा हात पोचायचा नाही, असा विचार करून बिराप्पा मंडळीत आला होता. तसं त्यानं उघड सांगूनही टाकलं. खोटं बोलायचा त्याला एव्हाना कंटाळा आला होता.

पाळकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "देव बदलला की आण सुटते, असं तुझं म्हणणं. बरं, तसंच धरून चालू. बिरोबा आता तुझा देव राहिला नाही. पण सिद्धू? तो अजून सिद्धूच आहे ना?"

बिराप्पा पुन्हा उंबऱ्यावर नख घासू लागला.

"हयात आहे?"

"हाय म्हनत्यात. मेढ्याकडं जावळीत कुटंतरी."

"मग आधी तिकडं जा. नदी कुठं पळून जात नाही."

"आन् त्यानं कुऱ्हाड घातली तर?"

"तर मी येऊन तुला पुरेन," पाळक म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी त्याच्यासाठी चहा टाकला.

बिराप्पाला राग आला. हे बरं आहे, दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर म्हणाला का, की आधी गाठ कशी आली ते शोधून ये? तीन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. चौथ्या दिवशी धोंडुबाईनं भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितलं, "ते मटन मीबी खाल्लं व्हतं."

बिराप्पानं घास ताटात ठेवला.

"दुस्काळात मटन कुटनं आलं, मी इचारलं न्हाई. इचारायचं व्हतं. मला काय कळलं नव्हतं व्हय?" तिनं भाकरी उलटली. "जावा तुमी मेढ्याला. मी भाकरी बांधून देते."

सांगलीहून सातारा आणि साताऱ्याहून मेढा, एस.टी.नं दिवस मोडला. मेढ्याचे डोंगर बघून बिराप्पाला आधीच चुकल्यासारखं झालं. हिरवा ओला मुलूख. इथं पाऊस असा की मेंढराच्या खुरात किडे पडावेत. या मुलखात धनगर काय करत असेल?

सिद्धू म्हशी राखत होता. दुसऱ्याच्या. वेण्णेच्या काठी चार म्हशी डुंबत होत्या आणि तो काठी आडवी धरून दगडावर बसला होता. केस पार पिकलेले. पहिल्यांदा बिराप्पाला वाटलं, हा सिद्धूचा कुणी चुलता असावा.

"सिद्धू," त्यानं हाक मारली.

सिद्धूनं बघितलं आणि ओळखलं. उठला नाही. पूर्वी तो बिराप्पाला आण्णा म्हणायचा.

"काय काम काडलंस, बिराप्पा?"

वाटेत एस.टी.त बिराप्पानं बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मेंढी मी कापली व्हती. कातडं मी पुरलं. तुजं नाव मी घेतलं. खोटा भंडारा उचलला."

म्हशी पाण्यात फुरफुरल्या. सिद्धूनं काठीनं मातीत एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

"हे मला कशाला सांगतोयस? मी कापली न्हाई हे मला ठावंच हाय की."

"चुकलं, गड्या."

"आई कवा गेली, म्हाईत हाय का?"

हरणाबाईबद्दल विचारायचं त्याचं धाडसच झालं नव्हतं.

"पाच वर्सं झाली," सिद्धू म्हणाला. "वाळीत टाकल्याल्या मानसाची आई. भावकीला सांगावा धाडला, कुनी आलं न्हाई. तिरडीला खांदं पायजेत चार. येक मी. आन् हितलं दोघं, नात्याचं ना गोत्याचं. चौथा मानूस मिळंना. दुपारपातूर थांबलो. शेवटाला येक गाडीवान चालला व्हता रस्त्यानं, मुसलमान. त्यानं गाडी सोडली आन् खांदा दिला. नावसुदिक इचारायचं ऱ्हायलं त्याचं." तो थांबला. "मरायच्या आदी ती इचारत व्हती, थोरला आला का म्हनून."

बिराप्पा रडायला लागला. मुलगा गेला तेव्हाही तो इतका रडला नव्हता. तेव्हा बिरोबावर राग काढायला जागा होती. आता ज्याच्यावर राग काढायचा तो माणूस तो स्वतःच होता. सिद्धूनं त्याला थांबवलं नाही, धीरही दिला नाही. रडणं आटोपल्यावर मात्र म्हणाला, "हितं नदीला सांगून काय उपेग? जितं बोललास तितं बोल. पुनवंला पंच बसत्यात. बिरोबाच्या म्होरं, भंडारा उचलून सांग. मी येऊन भाईर हुबा ऱ्हातो."

सिद्धूच्या बायकोनं, अंजनानं, जवळच्या घरातून तांब्या भरून आणला होता. तिनं तो बिराप्पासमोर ठेवला. ज्यानं त्यांचं पाणी तोडलं त्याला ती पाणी देत होती. ते पिणं त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा अवघड गेलं.

सांगलीला परतल्यावर तो तडक पाळकांकडं आला. आता पेच वेगळाच होता. भंडारा उचलायचा म्हणजे बिरोबाला साक्ष ठेवायचं, आणि चार दिवसांनी ख्रिस्ताच्या नावानं पाण्यात उतरायचं. न उचलावा तर पंच विश्वास कसा ठेवणार? सिद्धू वाळीतच राहणार.

"सांगा, पाळकबाबा. उचलू का नगं?"

कोंडीबा पाळक खोलीत तीन-चार येरझाऱ्या घालून आले. पुस्तकात बघावं तसं त्यांनी छताकडं बघितलं. "खरं सांगू? मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "उचल असं माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि उचलू नको म्हणून सांगितलं आणि त्यापायी तो माणूस जन्मभर बाहेर राहिला, तर ते पाप माझं. मी रात्रंदिवस तुझ्यासाठी प्रार्थना करीन. तू तिथं उभा राहा आणि काय करायचं ते तिथंच ठरव."

मास्तरला उत्तर येत नाही हे बिराप्पा प्रथमच बघत होता. त्या दिवसापासून त्याला पाळक जास्त आवडू लागले.

पौर्णिमेला ढोलेवाडीच्या देवळात पंच जमले. मधोमध दादासो, ऐंशीच्या घरातले, बारा वर्षांपूर्वी सिद्धूला वाळीत टाकणारेही तेच. गाव लोटला होता. बिराप्पा बाटला म्हणे, अशी कुजबुज आधीच पोचली होती, त्यामुळं बघायला गर्दी जास्त. आवाराच्या दगडी गडग्याबाहेर सिद्धू उभा होता. आत यायची त्याला मुभा नव्हती.

"बोल, बिराप्पा. कशापायी पंच बलवलंस?" दादासो म्हणाले, आणि त्यांच्या खुणेसरशी भंडाऱ्याचं ताट पुढं सरकलं.

बिराप्पानं ताटाकडं बघितलं. तीच पितळी परात, काठाला तोच पोचा. मग त्याचं लक्ष आपल्या हातांकडं गेलं. पेठेतली हळद बोटांच्या चिरांत जाऊन बसलेली. त्यानं दोन्ही हात मागं घेतले, पाठीशी धरले आणि बोलायला लागला. मेंढी, कातडं, कुत्री, आपली भीती, सगळं. हरणाबाई दाराशी थांबली होती आणि आपण कांबळ्याखाली होतो, हेही त्यानं सांगितलं. ते पंचांनी विचारलं नव्हतं.

गर्दीतून एकजण ओरडला, "भंडारा उचलून सांग की! बाटल्याल्याचं कोन खरं धरनार?"

"भंडारा उचलूनच मी खोटं बोललो व्हतो," बिराप्पा म्हणाला. "आता पुन्यांदा उचलला, तर तुमी कंचा खरा धरनार? त्या येळंला हात भरल्यालं व्हतं आन् बोलनं खोटं व्हतं. आज हात रिकामं हायत. आन् मी आता ज्याच्या मागनं चाललोय, त्येचं म्हननं हाय की आन घ्यायचीच न्हाई, नुसतं व्हय म्हनलं की व्हयच असावं. पटलं तर घ्या. न्हाई पटलं, तर मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पर सिद्धूला आत घ्या."

दादासोंनी परात आपल्याकडं ओढून घेतली. म्हातारा बराच वेळ तिच्यातल्या पिवळ्या राशीकडं बघत बसला. आपण तेव्हा काय केलं ते त्यालाही दिसत असणार.

"दुसऱ्यावर घालायचं आसंल तर भंडारा उचलाय लावावा," तो शेवटी म्हणाला. "सोताच्या इरुद्ध बोलनाऱ्याला कशाला पायजे?" आणि त्यानं मान उंचावून हाक दिली, "सिद्धू! आत ये रं लेकरा. आमी चुकलो."

सिद्धू आत आला. बारा वर्षांनी त्या फरशीवर त्याचा पाय पडत होता आणि तो हळूच पडत होता. लोक बाजूला सरले. त्यानं देवापुढं डोकं टेकलं, कपाळाला भंडारा लावला, आणि परत जाताना बिराप्पापाशी थांबला.

"उचलला न्हाईस," तो म्हणाला.

"न्हाई."

"बरं केलंस." जरा थांबून तो म्हणाला, "पर माफ केलं म्हनून मी म्हननार न्हाई. आईला इचारल्याबिगर कसं म्हनू? आन् तिला तर इचारता येत न्हाई."

एवढं बोलून तो गेला. बिराप्पाला शिक्षा काय द्यावी यावर पंचांचा थोडा वेळ खल झाला, पण जो आपण होऊनच बाहेर पडलाय त्याला वाळीत तरी कसं टाकायचं, ते कुणाला सुचेना. तो एस.टी.नं सांगलीला परत आला.

रविवारी सकाळी कृष्णेच्या घाटाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी उथळ आणि वाळू चांगली आहे, तिथं मंडळी जमली. चाळीसभर माणसं. काठावर धोंडुबाई कोरडं धोतर धरून उभी होती. तिला कुणी विचारलं, तुम्ही कधी? तर म्हणाली, आदी ह्येंचं बगते काय होतं ते.

पाळक कमरेएवढ्या पाण्यात उतरले. त्यांना पोहता येत नसे आणि पाण्याची त्यांना मनातून भीती होती, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. बिराप्पा आपल्या पायांनी त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. गार पाण्यानं दोघांचेही दात वाजत होते.

"बिराप्पा, तुझा येशू ख्रिस्तावर विश्वास आहे?"

"हाय."

"तू आपल्या पापांचा पश्चात्ताप केला आहेस?"

इथं केला म्हणायचं असतं. आठवड्यापूर्वी तीनदा घोकून घेतलं होतं. बिराप्पा गप्पच राहिला. काठावरची माणसं माना वर करून बघू लागली.

"केला," तो म्हणाला, "पर पुरा झाला न्हाई, पाळकबाबा. सिद्धूला गाव मिळालं. पर हरनामावशीच्या तिरडीला चौथा खांदा माजा व्हता. तो द्यायचा ऱ्हायला. तो आता मला कवाच देता यायचा न्हाई."

"नाही येणार," पाळक हळूच म्हणाले.

"पयल्यांदा आलो तवा मला वाटलं व्हतं, पान्यात गेलं की समदं पुसंल, कुनाकडं जायाला नगं. आता जितं जितं जाता आलं तितं गेलो. ह्यो येक खांदा तेवडा ऱ्हायला, आन् त्यो घिऊन जायाला दुसरी जागाच न्हाई. म्हनून आलोय. चालंल का?"

कोंडीबा पाळकांनी आजवर बऱ्याच जणांना या नदीत बाप्तिस्मा दिला होता. चालेल का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा चष्मा पाण्याच्या थेंबांनी भरला होता, सगळे थेंब नदीचेच होते असं नाही.

"त्यासाठीच आहे हे," ते म्हणाले. त्यांनी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि एक हात बिराप्पाच्या पाठीशी धरला. दुसरा हात कुठं ठेवावा ते त्यांना नेहमीप्रमाणं उमजेना.

"हनवटीला धरा," बिराप्पा पुटपुटला. "नाकात पानी जात न्हाई."

पाळकांनी त्याची हनुवटी धरली. बिराप्पानं अजिबात दांडगाई केली नाही.